१४ एप्रिलचे फोटो भरपूर आहेत, १५ एप्रिलचे कुठे आहेत?

पिंपरी-चिंचवड ते चाकण पट्ट्यातल्या आपल्या माणसांची छायाचित्र-कथा कशी उभी करावी?

१४ एप्रिलला पिंपरीच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर चौकात हजारो मोबाईल एकाच वेळी वर होतात. पुतळ्याला घातलेले हार, निळे फेटे, रोषणाई, भीमगीतांवर नाचणारी पोरं, या सगळ्याचे फोटो दरवर्षी आपल्याकडे जमा होतात. २५ डिसेंबरला देहूरोडच्या धम्मभूमीवरही तेच होते. पण जयंतीच्या दुसऱ्या दिवशी पहाटे त्याच गर्दीतली कित्येक माणसे डबा घेऊन फर्स्ट शिफ्टच्या बससाठी रस्त्यावर उभी असतात. कोणाला भोसरीला जायचे असते, कोणाला तळवड्याला, कोणाला चाकणला. त्यांचा फोटो मात्र कोणाच्याच मोबाईलमध्ये नसतो.

आपल्या समाजाचे फोटो प्रामुख्याने दोन प्रसंगी निघतात. एक जयंती-वर्धापनदिनाला आणि दुसरे अन्याय-अत्याचार झाल्यावर. पहिल्यात आपण गर्दी असतो, दुसऱ्यात आपण बळी असतो. या दोन्हींच्या मधले आयुष्य, म्हणजे काम, भाड्याची खोली, ओव्हरटाइम, मुलांच्या फिया, वस्तीतला विहार, याची दृश्य नोंद फारच थोडी आहे. ती दुसऱ्या कोणी येऊन करील अशी वाट पाहण्यात अर्थ नाही. आज प्रत्येक वस्तीत चांगला कॅमेरा असलेले मोबाईल आहेत. आपल्याकडे कमी आहे ते नियोजन, आणि आपल्या आधी हे काम करून गेलेल्यांकडून शिकण्याची सवय. या लेखात आम्ही या दोन गोष्टींबद्दल सविस्तर लिहीत आहोत.

सत्तर वर्षांची गोष्ट

आधी हे लक्षात घेऊ की या पट्ट्याला स्वतःची मोठी गोष्ट आहे आणि आपण तिचा भाग आहोत. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी औषध कारखाना आला. त्याच वर्षी २५ डिसेंबरला बाबासाहेबांनी देहूरोडला बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली, आकुर्डीत बजाज आणि पिंपरीत टेल्को उभी राहिली, आणि भोसरीत लहान-मोठ्या वर्कशॉपांची रांग लागली. १९७२ च्या दुष्काळाने मराठवाड्यातली आणि इतर कोरडवाहू भागांतली माणसे गाव सोडून शहरांकडे आली, त्यांतली बरीच या पट्ट्यात स्थिरावली. १९७० मध्ये झालेली पिंपरी-चिंचवड नगरपालिका १९८२ मध्ये महानगरपालिका झाली. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या १७ लाखांच्या पुढे गेलेली होती.

चाकणची ओळख तोवर कांद्याचा बाजार आणि संग्रामदुर्ग अशी होती. १९९९ मध्ये तिथे बजाजचा कारखाना सुरू झाला, २००९ मध्ये फोक्सवॅगन आणि मर्सिडीज आल्या, आणि महाळुंगे, निघोजे, कुरुळी, खराबवाडी, नाणेकरवाडी ही गावे भाड्याच्या खोल्यांनी भरून गेली.

या काळात कामाचे स्वरूपही बदलले. अनेक घरांत आजोबा कंपनीत पर्मनंट होते. त्या पगारावर त्यांनी मुले शिकवली, वस्तीत वर्गणी काढून विहार बांधला. नातू आयटीआय किंवा डिप्लोमा करूनही ठेकेदाराकडे किंवा ट्रेनी म्हणून लागतो आणि काही महिन्यांनी त्याला ब्रेक मिळतो. ही गोष्ट आकडेवारीत सांगता येते, भाषणातही सांगता येते. पण एका घराच्या कपाटात ठेवलेला आजोबांचा जुना गेटपास, वडिलांचे ओळखपत्र आणि नातवाचे तात्पुरते कार्ड एकाच कापडावर ठेवून काढलेला फोटो ती ज्या प्रकारे सांगेल, तसे भाषणाला जमणार नाही.

विषय आणि प्रश्न वेगळे ठेवा

एकटा फोटो एक क्षण दाखवतो. छायाचित्र-कथेत १२ ते २० फोटो असतात आणि ते एका क्रमाने पाहिल्यावर काहीतरी उलगडत जाते. त्यासाठी आधी प्रश्न ठरवावा लागतो. 'चाकणचे कामगार' हा विषय झाला. तेवढ्यावर कॅमेरा घेऊन निघालो तर २०० फोटो मिळतील, कथा मिळणार नाही. 'थर्ड शिफ्ट करणाऱ्या माणसाचे घर दिवसा कसे चालते?' हा प्रश्न झाला. 'प्रेसमध्ये बोटे गेल्यावर माणूस कोणते काम करतो?', 'वस्तीतल्या विहाराची रोजची जबाबदारी कोणत्या बाया उचलतात आणि त्या दिवसभर कुठे कामाला जातात?', हेही प्रश्नच आहेत.

आमची सूचना साधी आहे. प्रश्न एका वाक्यात वहीत लिहा. त्या वाक्यात एक ठिकाण, एक माणूस किंवा एक घर, आणि काहीतरी बदलत असलेली गोष्ट असायला हवी. तसे वाक्य होत नसेल तर अजून लोकांशी बोलणे कमी पडले आहे असे समजावे.

प्रश्न किती जवळचा असू शकतो, हे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय छायाचित्रकार लाटोया रुबी फ्रेझियर यांच्याकडून शिकावे. त्या पेन्सिल्व्हेनियातल्या ब्रॅडॉक या पोलाद कारखान्याच्या गावात वाढल्या. कारखानदारी ओसरली, गावातले रुग्णालयही बंद झाले. फ्रेझियर यांनी आजी, आई आणि स्वतः, अशा तीन पिढ्यांच्या बायकांचे फोटो घरातच काढले. ते काम दहाहून अधिक वर्षे चालले आणि २०१४ मध्ये 'द नोशन ऑफ फॅमिली' या पुस्तकात आले. धुराड्यांचे भव्य फोटो न काढताही एका औद्योगिक गावाचे काय झाले ते त्या सांगू शकल्या. पिंपरी-चिंचवडच्या प्रत्येक वस्तीत असे एखादे घर आहे. बहुतेकदा ते आपलेच असते.

आपल्याच मातीतले शिक्षक

परदेशी नावांआधी खरे तर सुधारक ओलवे यांचे नाव घ्यायला हवे. अकोल्याचे ओलवे मुंबईत वृत्तछायाचित्रकार झाले. मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांवर त्यांनी अनेक वर्षे कृष्णधवल छायाचित्रे काढली. रस्ता झाडणारे, कचऱ्याच्या गाडीवरचे, गटारात उतरणारे, आणि त्यांची घरे-कुटुंबेही त्यांत आहेत. २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या या कामातून दोन गोष्टी घ्याव्यात. पहिली, एका बातमीपुरते न जाता त्याच माणसांकडे पुन्हा पुन्हा जाणे. दुसरी, कामाची घाण दाखवताना माणसाला घाणीत हरवू न देणे. त्यांचे फोटो पाहताना कोण काम करतो आहे, हे आधी दिसते.

तमिळनाडूचे एम. पलानी कुमार हे दुसरे उदाहरण. त्यांची आई मदुराई भागात मासे विकायची. त्यांनी गटारात उतरणाऱ्या सफाई कामगारांचे आणि मृतांच्या कुटुंबांचे फोटो वर्षानुवर्षे काढले, 'कक्कूस' या माहितीपटाचे छायांकन केले, आणि पुढे 'पारी' या ग्रामीण भारताच्या संकेतस्थळासाठी काम केले. त्यांच्याकडून घेण्यासारखी आणखी एक गोष्ट म्हणजे त्यांनी कष्टकऱ्यांच्या मुलांना कॅमेरा शिकवला. ज्या मुलांचे फोटो इतर लोक काढायचे, ती मुले आता स्वतः काढतात. आपल्या विहारांत रविवारी धम्मवर्ग होतात, स्पर्धा परीक्षांचे वर्ग होतात. महिन्यातून एक रविवार फोटोचा का नसावा?

दुसऱ्याचे काम कसे पाहायचे

'शिकणे' म्हणजे मोबाईलवर शंभर फोटो सरकवणे नव्हे. एकच छायाचित्र-कथा निवडा आणि चार-पाच जणांनी मिळून तासभर बसा. वहीत पुढच्या गोष्टी लिहून काढा. एकूण फोटो किती? पहिला कोणता, शेवटचा कोणता? छायाचित्रकार माणसापासून किती अंतरावर उभा आहे? कॅमेरा डोळ्यांच्या पातळीवर आहे की वरून खाली पाहतो? किती फोटोंत माणूसच नाही, फक्त वस्तू किंवा जागा आहे? कोणती गोष्ट दाखवलेलीच नाही आणि ती का वगळली असेल?

यातला कॅमेऱ्याच्या उंचीचा प्रश्न आपल्यासाठी फार महत्त्वाचा आहे. कष्टकऱ्यांचे फोटो वरून खाली काढण्याची खोड जुनी आहे. खाली बसलेल्या मावशींचा फोटो काढायचा असेल तर आपणही खाली बसावे. फोटोतला सन्मान बऱ्याचदा इतक्या छोट्या गोष्टीवर अवलंबून असतो.

वेळापत्रक वर्षावासापासून

अशा कामासाठी वेगळे कॅलेंडर शोधायची गरज नाही. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंतचा वर्षावास आपल्याकडे आहेच. या तीन महिन्यांत विहारांत 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन होते आणि वस्तीतली माणसे नियमित भेटतात. हा काळ कॅमेरा पिशवीत ठेवून ऐकण्याचा ठेवा. कोण कोणत्या शिफ्टला जातो, कोणाची सुट्टी कधी असते, कोणाच्या घरी जुने फोटो आहेत, याची नोंद करा. चाकण भागात साप्ताहिक सुट्टी सगळ्यांना रविवारीच असते असे नाही, हेही तेव्हाच कळेल.

वर्षावास संपल्यावर ऑक्टोबर ते जानेवारी फोटो काढा. फेब्रुवारीत निवड, मार्चमध्ये फोटोओळी आणि पुन्हा एकदा संमती, आणि एप्रिलमध्ये जयंतीच्या आठवड्यात विहारात प्रदर्शन. नोकरी किंवा कॉलेज सांभाळून तीन-चार जणांच्या गटाला हे जमण्यासारखे आहे.

फोटो काढायला जाण्याआधी यादी करा. अमेरिकेत १९३० च्या दशकातल्या मंदीत शेतकऱ्यांची स्थिती टिपण्यासाठी सरकारने छायाचित्रकार पाठवले, तेव्हा त्यांचे प्रमुख रॉय स्ट्रायकर त्यांना काय काय पाहायचे याच्या लेखी याद्या देत असत. थर्ड शिफ्टच्या घराची यादी अशी होऊ शकते: रात्री भरला जाणारा डबा, बसची वाट पाहणारी रांग, सकाळी परत आल्यावर दाराबाहेर काढलेले सेफ्टी शूज, दुपारी झोपण्यासाठी खिडकीला लावलेली चादर, आवाज होऊ नये म्हणून बाहेर खेळणारी मुले, भिंतीवरचे बाबासाहेब आणि बुद्ध, शिफ्टची तारीख लिहिलेले कॅलेंडर, खोलीभाड्याची वही. यादीतले अर्धे फोटो मिळणार नाहीत आणि न ठरवलेले काही मिळतील. तरीही यादीमुळे आपण रिकाम्या डोक्याने जात नाही.

फोटोतल्या माणसाची नोकरी

आता सर्वांत गंभीर मुद्दा. आपला फोटो गाजला आणि त्यामुळे कोणाचे गेटवरचे कार्ड बंद झाले, तर तो फोटो आपण काढायलाच नको होता. ठेकेदाराकडच्या कामगाराला काढून टाकायला कारण लागत नाही, दुसऱ्या दिवशी 'येऊ नको' एवढा निरोप पुरतो. म्हणून काही नियम गटाने लिहूनच ठेवावेत.

कारखान्याच्या आत चोरून फोटो काढू नका, आणि कामगारालाही काढायला सांगू नका. अनेक कंपन्यांत मोबाईल गेटवरच जमा होतो, पकडले गेल्यास शिक्षा त्याला होते. कथा घर, रस्ता, बस, चहाची टपरी, रुग्णालयाबाहेरची रांग इथेही घडते. देहूरोड हा छावणी परिसर आहे आणि तिथे लष्करी आस्थापना आहेत. फोटोबंदीचे फलक असतील तिथे मोबाईल काढूच नका, तिथे शासकीय गुपिते कायदा १९२३ लागू होऊ शकतो.

माणसाला धोका असेल तर चेहरा दाखवू नका. पण चेहरा झाकणे पुरेसे नसते. गणवेशावरचे कंपनीचे चिन्ह, ओळखपत्राचा क्रमांक, बसचा नंबर, खोलीबाहेरची पाटी, यांवरूनही ओळख पटते. मोबाईलच्या फोटोत ठिकाणाची माहिती साठवली जाते, ती सेटिंगमध्ये बंद करा. वर सांगितलेल्या गेटपासच्या फोटोतही नाव आणि क्रमांक कागदाच्या पट्टीने झाकता येतात. लहान मुलांच्या फोटोसाठी आई-वडिलांना विचारा आणि मुलालाही विचारा.

संमती म्हणजे मान डोलावणे नव्हे. 'काका, हा फोटो विहारात लावणार आहोत. नेटवर टाकला तर तुमचे सुपरवायझरही पाहू शकतात. टाकायचा का?' असे सरळ शब्दांत विचारावे. विहारात लावणे, छापणे आणि इंटरनेटवर टाकणे या तिन्हींची परवानगी वेगवेगळी घ्यावी. दिलेली परवानगी परत घेण्याचा हक्कही सांगावा.

या बाबतीत जपानमधल्या मिनामाता गावाचा इतिहास प्रत्येकाने वाचावा. चिस्सो कंपनीने समुद्रात सोडलेल्या पाण्यातल्या पाऱ्याने तिथले मासे आणि माणसे विषबाधित झाली. छायाचित्रकार यूजीन स्मिथ आणि त्यांच्या पत्नी आयलीन १९७१ पासून सुमारे तीन वर्षे तिथेच राहिले. १९७२ मध्ये कंपनीच्या माणसांनी स्मिथ यांना मारहाणही केली. आई आपल्या विषबाधित मुलीला आंघोळ घालते आहे, हा त्यांचा फोटो जगभर गेला आणि त्याने रुग्णांच्या लढ्याला बळ दिले. ती मुलगी १९७७ मध्ये वारली. पुढे आपल्या लेकीला आता विश्रांती मिळावी अशी इच्छा आई-वडिलांनी व्यक्त केली, तेव्हा १९९८ मध्ये आयलीन यांनी त्या फोटोबाबतचा निर्णय त्यांच्या हाती दिला आणि तो नव्याने छापायला न देण्याचे ठरवले. इतका प्रभावी फोटो होता, तरी कुटुंबाचा शब्द मोठा मानला गेला. आपल्या कामात हेच माप ठेवावे.

आपल्या पट्ट्यातही हा प्रश्न रोजचा आहे. वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांतल्या अपघातांवर 'सेफ इन इंडिया' ही संस्था २०१९ पासून 'क्रश्ड' नावाचे अहवाल काढते. हाताची बोटे गमावणारे कामगार हा त्यांचा मुख्य विषय. अशा माणसाची कथा करताना फक्त तुटलेल्या हाताचा क्लोज-अप काढून परत येऊ नका. तो त्या हाताने गाडीची किल्ली कशी फिरवतो, ईएसआयची कागदपत्रे कशी जपून ठेवतो, लेकीच्या वहीला कव्हर कसे घालतो, तेही दाखवा. जखमेइतकेच त्याचे पुढचे जगणेही लोकांसमोर यायला हवे.

फोटोओळ म्हणजे अर्धा पुरावा

छायाचित्राखालची ओळ शेवटी घाईने लिहायची गोष्ट नाही. लुइस हाइन यांनी १९०८ पासून अमेरिकेतल्या बालमजुरांचे फोटो काढले. ते खिशात वही ठेवत, मुलाचे वय आणि काम टिपून घेत, आणि उंची आपल्या जाकिटाच्या बटणांवरून मोजत. त्या नोंदींमुळे फोटोंना पुराव्याचे वजन आले आणि बालमजुरीविरोधी मोहिमेला त्यांचा मोठा आधार झाला.

आपणही प्रत्येक फोटोची तारीख, ठिकाण, काम, माणूस कुठून आला आणि तो स्वतः काय म्हणाला, हे त्याच दिवशी लिहावे. त्याचे शब्द त्याच्या बोलीतच ठेवावेत. लातूरचा माणूस लातूरचे बोलतो, बुलढाण्याचा बुलढाण्याचे. ते पुणेरी करू नये. ओळीत आपली कीव नको आणि अतिशयोक्ती तर मुळीच नको. सम्यक वाचा पाळायची ती इथेही. नाव द्यायचे की नाही, हे मात्र त्या माणसाच्या सुरक्षिततेवर आणि त्याच्या इच्छेवर ठरेल. नाव बदलले असेल तर तसे स्पष्ट लिहावे.

निवड सतरंजीवर करा

फोटोंची निवड मोबाईलच्या पडद्यावर होत नाही. ३०० फोटोंतून ६० निवडा, त्यांच्या स्वस्तातल्या छोट्या प्रिंट काढा आणि विहारातल्या सतरंजीवर मांडा. गटाबाहेरच्या दोन-तीन माणसांना बोलवा, त्यांत एखादी आजी आणि एखादा शाळकरी मुलगा जरूर असावा. त्यांना काही न सांगता फोटो पाहू द्या आणि काय समजले ते विचारा. दोन फोटो तीच गोष्ट सांगत असतील तर एक उचला. सुंदर असूनही प्रश्नाशी संबंध नसलेला फोटो बाजूला ठेवा. हे जड जाते, पण १५ फोटोंची घट्ट कथा ६० फोटोंच्या पसाऱ्यापेक्षा लोकांच्या जास्त लक्षात राहते.

प्रदर्शन आधी त्याच वस्तीत, त्याच माणसांसमोर करावे. ज्यांचे फोटो आहेत त्यांच्या घरी प्रत्येकी एक चांगली प्रिंट पोहोचवावी. त्यानंतरच शहरातले सभागृह, नियतकालिक किंवा इंटरनेट. मूळ फाइली दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर, दोन वेगवेगळ्या घरांत ठेवाव्यात. घरोघरच्या ट्रंकेतले जुने फोटो, लग्नपत्रिका, युनियनच्या पावत्या, विहाराच्या वर्गणीची पुस्तके यांचेही फोटो काढून ठेवावेत. ती पिढी आता थकली आहे, आणि आजोबा गेले की फोटोत मागे उभा असलेला माणूस कोण, हे सांगणारे कोणी उरत नाही.

हा खर्चही फार नाही. मोबाईल आहेच. प्रिंट, दोन हार्ड डिस्क आणि प्रदर्शनाचे कापड, एवढेच लागते. जयंतीच्या वर्गणीतला छोटासा वाटा यासाठी काढावा, अशी विनंती आम्ही प्रत्येक मंडळाला करतो. डीजेचा एक तास कमी झाला तरी हे काम उभे राहील.

येत्या आषाढ पौर्णिमेला आपापल्या विहारात चार जण जमा. वहीत प्रश्नाचे एक वाक्य लिहा आणि पहिल्या घरी कॅमेरा न घेता जा.

जय भीम! नमो बुद्धाय!